हेळवीकडून वंशावळ वाचून घेतली: पैसे वसूल, सरदारकी वजा

निपाणी भागातल्या मराठ्यांच्या घरात चहा संपायच्या आत एक तरी पूर्वज सरदार निघतो. आमचा पाचशे घोड्यांचा. सरलष्कर अप्पा देसाई निपाणकरांच्या फौजेत होता, गोऱ्या साहेबाशी लढला, मांडीत गोळी घेऊन घरी आला. हे सांगताना थोरले काका स्वतःची मांडी दाखवतात. पुतण्याच्या लग्नपत्रिकेवर 'सरदार घराणे' छापायचं घाटत होतं, तेव्हा मी म्हटलं, छापायच्या आधी कुणाला तरी विचारू तर खरं.

विचारायचं कुणाला? हेळवीलाच की. लांबच्या वाचकांसाठी सांगते: आमच्या बेळगाव, कोल्हापूर, सांगली पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या घराण्यांची वंशावळ सांभाळणारे हे लोक. पूर्वी बैलावर बसून, घंटा वाजवत यायचे. आमचे मोटारसायकलवर येतात, वही रेग्झिनच्या पिशवीत. गावं आणि घराणी त्यांच्यात वाटलेली असतात, त्यामुळे दिसेल त्या हेळवीला बोलावून उपयोग नाही. आपल्या आडनावाची वही कुणाकडे आहे ते गावातल्या जुन्या माणसांकडून काढा. आमच्या आक्कांना ते तोंडपाठ होतं, नंबर मात्र दूध डेअरीवाल्याकडे मिळाला.

हेळवीमामा सोप्यात घोंगड्यावर बसले, वहीला हळदीकुंकू लावायला लावलं आणि मग सुरू झाले. वाचन म्हणण्यापेक्षा गाणंच ते. आधी जोतिबा, सौंदत्तीची यल्लम्मा, मग देवक, मग मूळ गाव, मग नावं. अर्ध्या ओळी मराठी, अर्ध्या कानडी. नवी पानं कानडीत, जुन्या पानांवर मोडी. पुतण्यापासून मागे आठ पिढ्या न अडखळता गेल्या. मधे एक भाऊ दत्तक गेला, एक गाव सोडून हुक्केरीकडे राहायला गेला, तेही आलं. हुक्केरीची शाखा काकांनाही माहीत नव्हती! या एवढ्यासाठीच मी पाचपैकी साडेचार देईन.

आता सरदारकी. वहीत त्या पुरुषापुढे एवढंच होतं: देसायांकडे लष्करात चाकरी, घोडा देसायांचा. काका म्हणाले, पुढं वाचा. पुढं काही नव्हतं. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, धन्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. पाचशे घोड्यांपैकी एकसुद्धा आमचा नव्हता म्हणायचा. आम्ही फलटणहून निंबाळकरांबरोबर (निपाणकर देसाई मूळचे निंबाळकर) मानाने आलो असंही घरात सांगतात. वही म्हणते, माणदेशातून दुष्काळात आले. हेळवीमामांची मला आवडलेली गोष्ट ही, की समोर काका मिशीला पीळ देत बसले होते, जास्त बिदागी मिळायची सोय होती, तरी त्यांनी ओळ वाढवली नाही.

वहीत सालं नसतात, ही मोठी उणीव. त्यासाठी बेळगावात शहापूरला एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडे गेले. घरात पत्र्याच्या डब्यात एक कागद होता, तो 'सनद' म्हणून दसऱ्याला पूजेत असतो. पानाला 300 रुपये. 2023 मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून या लोकांना श्वास घ्यायला सवड नाही, त्यामुळे वाट बघावी लागली, आणि फोन उचलत नाहीत. काम मात्र चोख: ओळीला ओळ लिप्यंतर, न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं, अंदाजाने भरलेलं काही नाही.

सनद कर्जरोखा निघाली. बैलजोडीसाठी घेतलेल्या पैशांचा. पण साक्षीदारांत आमच्या त्याच पुरुषाचं नाव आहे आणि वर शके 1751, म्हणजे 1829. तेव्हा तो हयात होता. म्हणजे देसायांच्या 1803 च्या मोहिमेला जवान असणं जमतं, पिढ्यांचा हिशेबही जमतो. वहीतलं नाव आणि कागदातलं नाव दोन वेगळ्या वाटांनी एका माणसावर आलं, ही माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट. मात्र 1803 मध्ये अप्पा देसायांचे स्वार इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने शिंदे-भोसल्यांवर गेले होते. गोऱ्या साहेबाशी लढला हे खरं मानायचं, तर साहेबाच्या शेजारी उभा राहून लढला असं वाचावं लागेल. मांडीतली गोळी कुणाची, हे काकांनी ठरवावं.

खर्च: हेळवीमामांना रोख 1100, पायलीभर शाळू, एक शर्टपीस. घासाघीस करू नका, वाईट दिसतं.

तक्रार एक आहे आणि ती मोठी आहे. आमच्या वहीत लेकी नाहीत. सुना माहेरच्या आडनावापुरत्या, लेकी तेवढ्याही नाहीत. माझ्या मुलीचं नाव लिहा म्हटलं तर मामा म्हणाले, "ती तुमच्या सासरच्या वहीत बघा, ताई." सासरच्या हेळवीला फोन केला, तो म्हणतो मुलगा झाला की सांगा. अर्धा गुण इथे कापला. खरं तर जास्त कापायला हवा होता.

ऑनलाइन फ्रेम करून वंशवृक्ष देणारेही एक मिळाले होते. नुसतं आडनाव सांगितलं तर ढाल-तलवारीच्या चित्रासकट पानिपतापर्यंत नेऊन पोचवलं. लांब राहा.

कुणाला पुढे जायचं असेल तर पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे आणि करवीर राज्याचे कागद कोल्हापूरला. पण नाव, गाव आणि साधारण साल हाताशी असल्याशिवाय तिथे जाऊन उपयोग नाही, आणि ती तयारी हेळवी आणि मोडीवाले मिळून करून देतात. हेळवी सुगी झाल्यावर येतात, तेव्हाच गाठा. वहीचा फोटो काढू देत नाहीत, आवाज रेकॉर्ड करू देतात. पंखा बंद ठेवा, आमच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन पिढ्या पंख्याच्या घरघरीत गेल्या आहेत.