'मूळ टेपवरून' म्हणून विकलेली एमपी३

ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकी हार्डकोर आणि स्केट पंकच्या (पंक रॉकचे वेगवान प्रकार) कितीतरी सात इंची रेकॉर्ड काही शे ते हजारभर प्रतींतच निघाल्या. लेबलं (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या) बंद पडली, आणि मूळ रेकॉर्डिंगची टेप कुणाच्या गॅरेजमध्ये पडून आहे हे बऱ्याचदा बँडलाही ठाऊक नसतं. फसवणारे याचाच फायदा घेतात. जाहिरात ठरलेली: '२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, मूळ टेपवरून नव्याने मास्टर केलेलं'. किंमत साध्या डाउनलोडच्या दुप्पट. पैसे भरले की फ्लॅक फाइल हातात पडते आणि घेणारा निर्धास्त होतो, कारण फ्लॅक म्हणजे लॉसलेस, आवाजातलं काहीच न गमावणारी फाइल. पण फ्लॅक हा नुसता डबा आहे. त्यात एमपी३ भरली तर तो एमपी३च इमानेइतबारे जपतो.

फाइल स्पेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकली की स्पेक्ट्रोग्राम दिसतो, म्हणजे आवाजात कोणत्या क्षणी किती उंचीच्या फ्रिक्वेन्सी आहेत याचं चित्र. १२८ केबीपीएसची एमपी३ साधारण १६ किलोहर्ट्झला कापलेली असते, ३२० ची २० च्या आसपास, आणि काप पट्टीने आखल्यासारखा सरळ. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ४८ पर्यंत जागा असते. २२ च्या वर ठार काळोख असेल, तर बहुधा सीडीचाच ऐवज फुगवून विकलाय.

मात्र आरोप करण्याआधी थांबा. हे संगीत बऱ्याचदा चार ट्रॅकच्या मशीनवर, तळघरात, एका दुपारात रेकॉर्ड व्हायचं. अशा रेकॉर्डिंगमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी मुळातच फारशा नसतात. फरक असा, की टेपचा आवाज वर जाताना उताराने विरतो, एमपी३चा कड्यावरून पडावा तसा संपतो. १५.७ किलोहर्ट्झवर एक बारीक आडवी रेघ दिसली तरी दचकू नका. ती स्टुडिओतल्या जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची शीळ, आणि असलीच तर खरेपणाची खूण.

दुसरा प्रकार जास्त बेरकी: घरच्या टर्नटेबलवरून उतरवलेली रेकॉर्ड 'टेप' म्हणून विकायची. इथे २२ च्या वरही काहीतरी दिसतं (सुई आणि खोबणीचा गोंगाट), आणि विक्रेता तोच स्क्रीनशॉट पुरावा म्हणून दाखवतो. गाण्यांच्या मधल्या शांततेत बघा. पूर्ण उंचीच्या उभ्या रेघा म्हणजे खरखरीचे टिक, ३० हर्ट्झच्या खाली घरघर म्हणजे टर्नटेबल. टिक पुसले असतील, तर झांजा आणि स्नेअरचा पहिला फटका बोथट लागतो, कारण टिक काढणारं सॉफ्टवेअर ड्रमलाही टिकच समजतं. रेकॉर्डच्या कुठल्याही बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स', 'श' फाटत असतील तर शंकाच नको. रेकॉर्डच्या मध्याकडे खोबणीचा वेग कमी होतो, म्हणून ते होतं.

वेगही तपासा. मायनर थ्रेट या हार्डकोर बँडच्या १९८१ च्या पहिल्या ईपीत (छोट्या रेकॉर्डमध्ये) आठ गाणी मिळून सव्वानऊ मिनिटांच्या आसपास आहेत. त्यात टर्नटेबल ३ टक्के जोरात फिरलं तर सोळा-सतरा सेकंद गायब होतात आणि सूर अर्ध्या सेमीटोनने (पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याने) चढतो.

'नवं मास्टर' हा दावा खोडायला नल टेस्ट पुरते, म्हणजे दोन फाइली एकमेकींतून वजा करून काय उरतं ते बघणं. जुन्या सीडीची फाइल आणि नवी फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, सॅम्पल रेट एक करा, सॅम्पलच्या हिशेबाने जुळवा, आवाजाची पातळी सारखी करा, एकीला इन्व्हर्ट (उलटी) करून दोन्ही मिसळा. जवळपास शांतता उरली तर नवं काहीच नाही. नल झालं नाही म्हणून माल खरा ठरतो असं मात्र नाही. जरासं ईक्यू (खर्ज-तार पट्ट्यांचं कमीजास्त) फिरवलं तरी नल बिघडतो.

विकत घेण्याआधी विक्रेत्याला टेपबद्दल विचारा: कोणती, किती रुंदीची, कोणत्या वेगाची, ट्रान्सफर कुणी केला. त्या काळातली अँपेक्स ४५६ ही रेकॉर्डिंगची टेप वर्षांनुवर्षं दमट हवेत राहून चिकट होते. वाजवण्याआधी ती साधारण ५४ अंश सेल्सिअसला कित्येक तास 'भाजावी' लागते, नाहीतर मशीनच्या हेडवर थर सोडते. हे काम ज्याने खरंच केलंय तो त्याबद्दल बोलायला उत्सुक असतो. 'टेप सुस्थितीत होती' एवढ्यावर विषय संपवणाऱ्याकडे टेप नसण्याचीच शक्यता जास्त.

वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड हे पंक लेबल १९८० पासून चालू आहे आणि स्वतः डाउनलोड विकतं. अशा लेबलांच्या बाबतीत त्यांच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या, शोधात आलेल्या पहिल्या दुव्यावरून नको.

भारतातून पैसे देताना कार्ड वापरा. पैसे पाठवण्याच्या सेवेतला 'मित्राला पैसे पाठवा' हा पर्याय निवडा म्हणणाऱ्याकडे खरेदीदाराचं संरक्षण लागू होत नाही. फसलाच असाल तर फाइल न बदलता ठेवा, स्पेक्ट्रोग्राम आणि जाहिरातीचा मजकूर त्याच दिवशी जपा, कारण तक्रार होताच जाहिरातीतला 'टेप' शब्द गुपचूप उडवला जातो. परतावा लेखी मागा, आणि नकार आला तर बँकेकडे विवादित व्यवहाराची नोंद मुदतीत करा.