शनिवार-रविवार: आखलेला की मोकळा?

हायस्कूलच्या मुलांची सुट्टी साधारण दोन प्रकारे जाते. एक आखलेली: क्लास, संघाचा सराव, स्पर्धा. दुसरी मोकळी: उशिरा उठायचं, मित्रमैत्रिणींना भेटायचं, सुचेल ते करायचं.

आखलेल्या सुट्टीत कौशल्य नक्की वाढतं. वाद्य असो वा बास्केटबॉल, नियमित सरावाला पर्याय नाही. पण काय करायचं हे बहुतेकदा दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं.

मोकळ्या सुट्टीत ते मुलांनाच ठरवावं लागतं, आणि माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. जुन्या जीन्सवर रंगकाम करणं, वहीत कॉमिक्स काढणं, केसांची नवी ठेवण करून बघणं, चार जणांनी मिळून गाणं रचणं, यातलं बरंचसं फसतं आणि फसायलाच हवं. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये ओळख घडण्याचे दोन भाग मांडले: वेगवेगळ्या वाटा चाचपणं आणि मग एखादी निष्ठेने धरणं. चाचपणी न करता धरलेली वाट बहुधा मोठ्यांनी आखून दिलेली असते.

झोपेचाही प्रश्न आहेच. या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही, आणि गरज मात्र ८ ते १० तासांची. रविवारी पहाटेचा सराव ती झोपच तोडतो.

मोकळा वेळ सगळा फोनमध्ये जाण्याची भीती खरी आहे. तरीही एक दिवस पूर्ण रिकामा ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशीचा क्लास मुलांनी स्वतः निवडलेला असावा.