मेल्टडाउननंतरचा पहिला तास: गार पाणी, गोधडी, कानातले बोळे की शेजारी बसलेलं माणूस?

रडणं थांबलेलं असतं. घसा दुखतो, हात अजून थरथरतात, आणि दाराबाहेरून कुणीतरी विचारतं, "आता बरं वाटतंय का गं?" या क्षणापासून पुढच्या तासाभरात काय करावं, एवढ्यापुरताच हा आढावा आहे. मला ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड करणारी मेंदूची ठेवण) दोन्ही असल्याचं चौतिसाव्या वर्षी कळलं. तोवर घरात याला "हिचं डोकं फिरलं" एवढंच म्हणत. नंतरच्या सहा वर्षांत मी बरंच काही करून पाहिलं. तुम्ही न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ऑटिझम, एडीएचडी यांसारखी वेगळी मेंदूची ठेवण असलेले, असाल आणि यातून काय निवडावं या विचारात असाल, तर माझा अनुभव आणि त्यामागचं जे मला नीट माहीत आहे ते सांगते.

मेल्टडाउन म्हणजे हट्ट नाही. आवाज, उजेड, माणसं, अचानक बदललेले बेत असं सगळं साठत जातं आणि मेंदूला ते पेलेनासं होतं. अ‍ॅड्रेनलिन उसळतं, हृदय जोरात धडधडतं, स्नायू ताठ होतात. मनाला "संपलं आता" हे कळलं तरी शरीर लगेच ऐकत नाही. त्यामुळे निवड करताना माझा पहिला प्रश्न असा असतो: शरीराला आत्ता सगळं कमी हवंय, की काहीतरी जोरकस हवंय? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. माझ्या कानांना शांतता लागते, पण अंगाला ओझं लागतं. हे कळायला मला फार उशीर झाला, आणि तोवर मी चुकीचेच उपाय चिकाटीने करत राहिले.

गार पाणी की गोधडी

वेगात गार पाण्याचा हात कुणी धरणार नाही. श्वास रोखून चेहरा गार पाण्यात बुडवला, निदान डोळ्यांभोवती आणि गालांवर गार फडकं दाबून धरलं, तरी हृदयाचे ठोके मंदावतात. पाण्यात बुडी मारणाऱ्या सगळ्याच सस्तन प्राण्यांत ही प्रतिक्रिया असते. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या मानसोपचार पद्धतीत, भावना अगदी टोकाला गेल्यावर वापरायचं कौशल्य म्हणून हे शिकवतात. पंधरा ते तीस सेकंद पुरतात. हृदयाचा आजार असेल, नाडी मुळात मंद असेल किंवा खाण्याशी निगडित आजार असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी चहा करावा इतकं तापलेलं असतं. त्या पाण्याने काही होत नाही. माठातलं पाणी किंवा रुमालात गुंडाळलेला बर्फ लागतो, आणि त्या अवस्थेत फ्रीज उघडून बर्फाचा ट्रे पिळणं मला तरी जमत नाही. ज्यांना गार स्पर्श टोचतो त्यांना तर हा उपाय म्हणजे नवीन मारा वाटेल.

गोधडी हळू काम करते, पण तिचा परिणाम टिकतो. खोल, सारख्या दाबाने शांत वाटतं हे ऑटिस्टिक माणसं फार आधीपासून सांगत आली आहेत. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी १९६० च्या दशकात अ‍ॅरिझोनात सावत्र वडिलांच्या बहिणीच्या रँचवर गुरांना लस टोचताना दोन बाजूंनी दाबून धरणारा सापळा पाहिला, आणि स्वतःसाठी तसंच लाकडी यंत्र बनवलं. आज दुकानात मिळणारी वजनदार पांघरुणं त्याच कल्पनेची आहेत. वजन साधारण आपल्या वजनाच्या दहा टक्के असावं असं सांगतात. संशोधन मात्र सरसकट बाजूने नाही. २०१४ साली ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात अशा पांघरुणाने झोप सुधारली नाही, पण मुलांना आणि पालकांना ते साध्या पांघरुणापेक्षा जास्त आवडलं. २०२० सालच्या स्वीडनमधल्या अभ्यासात नैराश्य, चिंता, एडीएचडी असलेल्या प्रौढांचा निद्रानाश मात्र अशा पांघरुणाने बराच कमी झाला. दोन्ही अभ्यास झोपेचे आहेत, मेल्टडाउननंतरच्या तासाचे नाहीत, हे लक्षात ठेवून पैसे खर्च करा.

मी स्वतः विकतचं पांघरूण घेतलं आणि परत दिलं. सिंथेटिक कापड, आत काचेचे मणी, बाहेर छत्तीस अंश. आता आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी चौपदरी घडी करून मांड्यांवर आणि पोटावर घेते, वर पंखा चालू. छाती आणि चेहरा मोकळा. प्रवासात गोधडी नसते, तेव्हा पाच किलो तांदळाची पिशवी मांडीवर घेऊनही भागलंय. लहान मुलांना पांघरूण देत असाल तर ते त्यांना स्वतःहून बाजूला सारता आलंच पाहिजे. अगदी लहानग्यांना आणि श्वासाचा त्रास असणाऱ्यांना ते देऊच नये.

दोन्हींत निवडायचं झालं तर ऐन भरात, स्वतःला मारून घ्यायची किंवा काही फेकायची ऊर्मी असताना गार पाणी. रडणं ओसरल्यावर गोधडी. नंतरच्या तासात गार पाण्याने मी दोन मिनिटं सावरते आणि पुन्हा थरथरायला लागते.

कानांसाठी

फोमचे बोळे मेडिकलच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतात. आवाज गाळणारे हेडफोन काही हजारांचे. हे हेडफोन पंख्याची, एसीची, बसच्या इंजिनाची एकसुरी घरघर छान कापतात. कुकरची शिट्टी, पडलेलं पातेलं, शेजारच्यांचं भांडण यांवर त्यांचा तितका उपयोग नाही. बोळे सगळंच बोथट करतात, पण मग स्वतःचा श्वास आणि ठोके मोठ्याने ऐकू येतात, आणि काहींना तेच असह्य होतं. विसर्जनाच्या मिरवणुकीतला ढोल तर छातीतून आत येतो. तिथे दोन्ही अपुरे, तिथून निघणं हाच उपाय. पैसे मोजकेच असतील तर आधी बोळे घ्या.

चालावं की पडून राहावं? रागाविषयीच्या दीडशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये आला. शरीराची उत्तेजना कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, वाढवणाऱ्यांनी नाही, आणि धावण्याने तर उलट वाढतो, असा त्याचा सूर होता. मेल्टडाउन म्हणजे राग नव्हे, पण माझं शरीर तसंच वागतं. हळू, ओळखीच्या वाटेने, गच्चीवर फेऱ्या चालतात. दुचाकी मात्र त्या दिवशी काढायची नाही. हातपाय आणि लक्ष दोन्ही ठिकाणावर नसतात.

एकटं की कुणासोबत

यावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथे चूक झाली की बाकी सगळं फुकट जातं.

"खोलीत जा, दार लावून घे" हा सल्ला ज्यांच्याकडे खोली आहे त्यांच्यासाठी आहे. वन रूम किचनमध्ये वाढलेल्या आम्हा लोकांना दार लावता येईल अशी जागा बाथरूम हीच. तिथे अंधार मिळतो, थंड फरशी मिळते. पण वीसेक मिनिटांत कुणीतरी दार वाजवतं, आणि त्या ठोठावण्याने मी परत पहिल्या पायरीवर जाते.

बोलणं तर त्या वेळी जवळजवळ निरुपयोगी. अनेकांची वाचाच जाते, माझी जाते. "अगं, काय झालं ते तरी सांग" हा प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, पण उत्तर जुळवण्याचं काम तेव्हा मेंदूला झेपत नाही. आई दुखावली जायची, मला अपराधी वाटायचं, आणि त्यातून दुसरा मेल्टडाउन व्हायचा. शेवटी एका शांत रविवारी मी एका कार्डावर लिहून दिलं: "मी सुरक्षित आहे. बोलता येत नाहीये. एका तासाने येते." ते आता फ्रीजवर चुंबकाने लावलेलं असतं. मी नुसतं काढून तिच्या हातात देते.

एकांत आणि सोबत यांच्या मधलीही एक जागा आहे, आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. आई आता आत येते, माझ्याकडे पाठ करून बसते आणि मेथी निवडते. प्रश्न नाही, पाठीवरून हात नाही, नजर नाही. पानं खुडल्याचा बारीक, सारखा आवाज. एकटीला जे उतरायला दोन तास लागायचे ते आता बहुधा तासाभरात उतरतं. अशी सोबत तुम्हाला मिळू शकत असेल तर सगळ्यात आधी तीच मागा, वस्तू नंतर. मित्र असेल तर तो फोन न बोलता नुसता चालू ठेवू शकतो.

एका परिस्थितीत एकांत निवडूच नका. जगू नये असं वाटत असेल तर घरातल्या माणसाला बोलवा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आवाज फुटत नसेल तर घरच्यांना लावायला सांगा.

मोबाइलवर रील्स पाहणं मी या तासात पूर्ण बंद केलंय. दर काही सेकंदांनी नवा आवाज, नवा चेहरा. दहा वेळा पाहिलेल्या जुन्या मालिकेचा भाग, आवाज बारीक करून, चालतो. खाणं असेल तर मऊ भात, तूप, मीठ. पाणी मात्र हवंच, रडून आणि घामाने अंग कोरडं पडलेलं असतं. माझी वाचा परत येते तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक "पाणी दे" हेच असतं, आणि आई मेथी निवडायला बसतानाच तांब्या भरून शेजारी ठेवते.