सीटखालचा सबवूफर: आठ महिन्यांनंतर

माझी वॅगनआर सीएनजी आहे. डिकीत टाकी, त्यामुळे बारा इंची बॉक्सचा विषयच नव्हता. सीटखाली सरकवायचा, अँप्लिफायर आतच असलेला आठ इंची सब (सबवूफर, म्हणजे फक्त बासचा, खालच्या जाड सुरांचा स्पीकर) घेतला. खोक्यावर ठळक अक्षरात ६०० वॅट, आतल्या कागदावर बारीक अक्षरात आरएमएस (सतत देता येणारी ताकद) १५०. दुसरा आकडा खरा. घेण्याआधी सीट पूर्ण खाली करून टेपने उंची मोजा, मी मोजली म्हणून वाचलो.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. फिटिंगवाल्याने तासाभरात गाडी हातात दिली, बास बूस्ट फुल्ल करून. दुकानासमोर भारी वाटलं. घरी येईपर्यंत डोकं धरलं. कुठलंही गाणं लावा, एकच घुमघुम. वर जोराचा ठोका आला की सब क्षणभर गप्पच व्हायचा.

मग गणपतीला तीन दिवस गावी गेलो, एसटीने. परत आलो तर गाडी ढिम्म. शेजारच्यांच्या बॅटरीवरून जंप देऊन चालू केली. मित्राचा मल्टिमीटर आणला, सबचा फ्यूज काढून त्या जागी दोन्ही पिना लावल्या. चावी खिशात, गाडी बंद, आणि मीटरवर ०.४८ अँपियर! म्हणजे दिवसाला साडेअकरा एएच (अँपियर-तास). बॅटरी ३५ एएचची, हिशेब तुम्हीच करा. रिमोटची निळी वायर, म्हणजे सबला चालू-बंदचा इशारा देणारी, ॲक्सेसरीवर (चावी फिरवली तरच चालू होणाऱ्या लाइनवर) द्यायची सोडून फिटिंगवाल्याने थेट कायम चालू असणाऱ्या लाइनला जोडली होती. सब रात्रंदिवस जागाच.

त्या रविवारी सगळंच उघडलं. अर्थिंग सीटच्या रंगवलेल्या बोल्टवर. दुसरी जागा पाहून रंग पॉलिश पेपरने घासला, पत्रा चकचकीत झाल्यावर वायरच्या टोकाचा लग घट्ट आवळला; ठोक्याला गप्प होणं तिथेच थांबलं. पॉवरची वायर ब्लेडने खरवडली तर वरून तांबं, आत पांढरं ॲल्युमिनियम. ती बदलून अस्सल तांब्याची ८ गेजची टाकली. फ्यूज मात्र त्याने बॅटरीच्या अगदी जवळ दिला होता, तेवढं श्रेय द्यायला हवं. तो लांब असेल आणि मधेच वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर फ्यूज असून नसल्यासारखा.

सेटिंगला एक संध्याकाळ गेली. बूस्ट शून्यावर, लो पास (त्याच्या वरचे सूर सबकडे जाऊ न देणारी सेटिंग) ८० हर्ट्झच्या आसपास. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलशी सब जुळवायची कळ, हे मलाही उशिराच कळलं: स्टिरिओ नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवून गेन सावकाश वाढवायचा, आवाज फाटायला लागला की मागे यायचं. फेजचा खटका (सबचा सिग्नल उलटा करणारा) ० वरून १८० वर केला आणि बास एकदम भरला. आधी सब आणि दाराचे स्पीकर एकमेकांना खोडत होते. कुठली बाजू बरोबर ते प्रत्येक गाडीत वेगळं, ड्रायव्हर सीटवर बसूनच ठरवायचं.

आता अभंग लावला की पखवाजाची डावी बाजू आणि उजवी वेगवेगळी ऐकू येते, आणि बास पायाखालून येतोय असं वाटत नाही, समोरूनच येतो. पण डीजेसारखा छातीवर आदळणारा दणका हवा असेल तर हे घेऊ नका. आठ इंचाचा जीव तो केवढा.

तक्रारी आहेतच. मागे बसणाऱ्याला सीटखाली पाय सरकवता येत नाहीत, आईचं बोलणं अजून खातो. पावसाळ्यात चपलांचा चिखल थेट जाळीवर. मागची नंबर प्लेट खडखडायची, तिच्यामागे फोमची पट्टी लावली.

आणि गाडी सर्व्हिसिंगला देताना सबचा फ्यूज काढून खिशात ठेवतो. एकदा गेनची कळ टोकापर्यंत फिरवलेली परत मिळाली होती.