सावंतवाडी राहायला कशी आहे? एका नागपूरकरणीचा अभिप्राय

पाचपैकी चार तारे. एक कापला तो दवाखान्यांपायी. पावसापायी एकही कापलेला नाही. तो पडणार हे शाळेच्या भूगोलातच लिहिलेलं असतं, त्याची तक्रार कोणाकडे करायची?

हा अभिप्राय पर्यटकांसाठी नाही. मोती तलाव, राजवाडा, लाकडी खेळणी आणि दुपारची मासळीची थाळी एवढं उरकून त्यांना गोव्याकडे सुटायचं असतं, आणि तेवढ्यात ते खूश होऊनच जातात. मी लिहितेय ते बिऱ्हाड हलवून या टोकाला यायच्या विचारात असलेल्यांसाठी. त्यातही विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्यांसाठी, कारण मुंबईकरांचं इथे कोणी ना कोणी निघतंच.

आमचं कारण साधं होतं. गोव्यातल्या मोपाचं विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं आणि पुढे नवऱ्याला तिथे नोकरी लागली. मी घरूनच छोट्या दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब बघते, त्यामुळे मला नेट आणि वीज असली की कोणतंही गाव चालतं, असा आमच्या घरातला समज. तर गाव निवडायचं काम माझ्याकडे आलं.

गोव्यातल्याच म्हापशातली भाडी ऐकून फोन ठेवला. वेंगुर्ला मात्र पाहताक्षणी आवडलं. बंदर, जुनी कौलारू घरं, काजूची कलमं. पण तिथल्या एका शाळाबाईंनी खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेल्या आपल्या खिडकीच्या गजांवरून बोट फिरवून दाखवलं आणि ते बोट तांबडं झालं. शिवाय रात्रपाळी संपवून नवऱ्यानं तिथवर गाडी हाकायची, हेही जरा लांबच पडत होतं. कुडाळ सगळ्यात सोयीचं. रेल्वे स्टेशन, एमआयडीसी, मोठी दुकानं, महामार्ग लगत. काही म्हणजे काही कमी नाही. फक्त संध्याकाळी चपला घालून निघालं की जायचं कुठे, हे मला तिथे काही केल्या समजेना. ज्यांना असल्या प्रश्नानं काही फरक पडत नाही त्यांनी डोळे मिटून कुडाळ घ्यावं, भाडंही साधारण सावंतवाडीएवढंच आहे.

सावंतवाडीत हा प्रश्न पडत नाही, कारण गावाच्या मधोमध तलाव आहे. एका अंगाला जांभ्या दगडाचा राजवाडा, काठावर केशवसुत कट्टा, जरा पुढे जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या नावाचं उद्यान. बाहेरच्याला हा देखावा वाटतो. राहणाऱ्याला तो जाण्यायेण्याचा रस्ता असतो. बँक, बाजार, गिरणी, श्रीराम वाचन मंदिर, कुठेही जायचं तर तलावाची एखादी बाजू चालावीच लागते, आणि चालताना दोनतीन ओळखीची माणसं भेटतातच. नागपुरात दूध आणायलाही मी ॲक्टिव्हा काढायची. इथे ती आठवड्यात एखाद्या वेळी निघते, तीही गॅसच्या सिलिंडरपायी.

मला वाटतं, गाव असं राहिलंय त्याला कारण आहे. महामार्ग झारापहून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीकडे बाहेरच्या बाहेर निघून गेला आणि रेल्वे स्टेशन राहिलं पलीकडे मळगावात. ट्रक गावात शिरत नाहीत, स्टेशनाभोवती होतो तसला गजबजाटही नाही. व्यापारी याच गोष्टीनं हळहळतात, आणि त्यांचं खोटं नाही. पण मोठी लाट बाहेरून गेली म्हणूनच चितारआळीत, म्हणजे लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या गल्लीत, अजून रंगाचा वास येतो. तिथली लाकडी फळं सगळ्यांना माहीत असतात. माझ्याकडे ओट्यावरच्या टोपलीत खऱ्या लिंबांत एक लाकडी लिंबू आहे, आणि नागपूरहून आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ते एकदा तरी पिळायला उचललेलं आहे.

गंजिफा, म्हणजे हाती रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते, मात्र सवडीनं बघा. राजवाड्यात कारागीर बसून रंगवताना दिसतात. गोल पानं, दशावतारी संचात १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं. एक बाई पानाची किनार रंगवत होत्या. ब्रश इतका बारीक की रंग कुठून उतरतोय तेच दिसेना, आणि पान त्या हातातल्या हातात फिरवत होत्या, ब्रश जागेवरच. हाती रंगवलेला संच महाग पडतो. परवडत नसेल तर सुटी पानं, छोट्या पेट्या मिळतात. लग्नकार्यात द्यायला माझी आता तीच ठरलेली भेट.

आता बाजार. आठवडा बाजार मंगळवारी. बेळगावची भाजी आंबोली घाटातून उतरते, त्यामुळे घाटात दरड आली की कोबी-टोमॅटोचे भाव दुसऱ्याच दिवशी कळतात. पण मी जाते ती खेड्यांतून येऊन कडेला गोणपाटावर बसणाऱ्या बायांसाठी. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी, शेवग्याचा पाला. हे सगळं वाट्यानं मिळतं, तराजू दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यात पानात बांधलेली रोवणाची अळंबी दिसली. पाऊस लागल्यावर वारुळाच्या आसपास उगवतात ती, थोडेच दिवस. भाव ऐकून मी विचारलं, पावकिलो केवढ्याला द्याल? ती शेजारणीकडे बघून हसली. "किलोन इकूक ह्यो काय बटाटो? घेवन जावा वयनी, उद्या गावची नाय." गावची नाय म्हणजे मिळायची नाही. घेतली. घरमालकीण काकींनी ओलं खोबरं, धणे आणि लाल मिरचीचं वाटण लावून कालवण करून दिलं. मटण खाणारा माझा नवरा त्या दिवशी एक शब्द बोलला नाही, नुसती भाकरी मागत राहिला.

जेवणाचं म्हणाल तर बाहेर खाणं स्वस्त आणि बरं आहे. साध्या खानावळीत बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी, पोट भरतं. त्या तिखल्यातलं तिरफळ, म्हणजे मसाल्याचं वाळकं फळ, दाताखाली येऊ देऊ नका, जीभ बधिर होते. उकड्या तांदळाचा भात आपल्याकडच्यांना सुरुवातीला जड आणि जाड लागतो. मला अजूनही रोज चालत नाही. पण तापात त्याची पेज आणि सोबत आंब्याची फोड, याला तोड नाही. ओल्या काजूगरांची उसळ आणि कुळथाची पिठी यांच्यासाठी मी कोणत्याही दिवशी पाटवडी रस्सा सोडायला तयार आहे. सावजी सोडायला नाही. तर्री-पोहे इथे मिळत नाहीत, पोह्यांवर ओलं खोबरं मिळतं. मसाला मी नागपूरहून आणते. तूरडाळही. काकींनी एकदा आमच्या रश्श्याची चव घेतली आणि तांब्याभर पाणी पिऊन म्हणाल्या, "ह्या खावन तुमका झोप कशी येता गो?"

घराबद्दल सविस्तर सांगते, कारण फसतात ते इथेच. दोन प्रकार मिळतात, नव्या इमारतीतला फ्लॅट किंवा जुनं चिरेबंदी, मंगलोरी कौलांचं घर. तलाव दिसणाऱ्या फ्लॅटला जास्त भाडं सांगतात. आम्हाला एका एजंटनं मे महिन्यात असाच एक दाखवला, भिंती नुकत्याच रंगवलेल्या. मी कपाट थोडं पुढे ओढायला लावलं. मागे छतापासून खाली उतरलेला काळा ओघळ होता. "तो जुना आहे, ताई." जुनाच असणार, नवा यायला पाऊस कुठे लागला होता?

आम्ही घेतलं ते कौलारू. तलावापासून पायी दहा मिनिटं, पडवी, मागे विहीर, शेजारी काकी. उन्हाळ्यात माजघर इतकं गार की कूलर नागपूरलाच देऊन आलो त्याचं काही वाटलं नाही. पंखा मात्र सतत लागतो. पारा नागपूरसारखा ४५ वर जात नाही, पण घाम वाळतच नाही. माकडं कौलं सरकवतात. ती पावसाआधी एकदा माणूस बोलावून परतून घ्यावी लागतात. हे काम कोणाचं, भाडेकरूचं की मालकाचं, ते करारात लिहून घ्या.

जून ते सप्टेंबर सगळ्याला बुरशी धरते. चामड्याचा पट्टा, लग्नाचा अल्बम, देवघरातली पोथी. सिंधुदुर्ग जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि डोक्यावरच्या आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त. नागपुरात अकराशेच्या आसपास पडतो, यावरून अंदाज घ्या. काकींनी शिकवलं ते असं: कपाटात खाली जुना पिवळा बल्ब कपड्यांपासून लांब लावून ठेवायचा, चांगल्या साड्या पत्र्याच्या ट्रंकेत, आणि मीठ, साखर, रवा सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. कपडे पडवीत दोन दिवस वाळतात आणि तरी कुबट येतात. ऊन डोकावलं की गल्लीतून एकच हाक, आणि ढग आला की दुसरी: "पावस इलो, कापडां भितर घेवा!" घरी नसले तर माझे कपडे कोणीतरी काढून ठेवलेले असतात. घडी घालून.

वीज. झाड पडलं की जाते, आणि झाडं भरपूर आहेत. दर महिन्याच्या २० तारखेला माझी जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीची विवरणपत्रं, भरायची घाई असते, त्यामुळे घरात आल्याबरोबर इन्व्हर्टर बसवला. फायबर चांगलं चालतं. वीज असेपर्यंत.

आता तो कापलेला तारा. साध्या तापाला, दाताला, बाळंतपणाला गावात डॉक्टर आहेत, उपजिल्हा रुग्णालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झालंय. पण हृदयाचं, मेंदूचं, मोठ्या अपघाताचं काही असलं की ॲम्ब्युलन्स गोव्याच्या दिशेनं, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे धावते. साठेक किलोमीटर. नवऱ्याच्या सहकाऱ्याला रात्री छातीत दुखू लागलं तेव्हा त्याला आधी जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे ईसीजी काढणारा माणूस घरी गेला होता. त्याला शोधत न बसता थेट निघाले म्हणून बरं झालं. घरात सत्तरीपुढचे आईवडील असतील, हृदयाचा किंवा डायलिसिसचा विषय असेल, तर तलाव कितीही आवडला तरी म्हापसा-पणजीच्या जवळ राहा. मी माझ्या सासूबाईंना अजून इथे आणलेलं नाही, त्याचं कारण हेच.

नागपूरला जाणं हेही सोपं प्रकरण नाही. रेल्वेनं गेलं तरी प्रवासात एक अख्खी रात्र आणि वर बराचसा दिवस जातो. वर्ध्याजवळच्या पवनारपासून पत्रादेवीपर्यंत असा आठशे किलोमीटरहून लांब शक्तिपीठ महामार्ग आखलाय. तो झाला तर माझ्या माहेरापासून इथल्या घरापर्यंतचा रस्ता जणू आमच्यासाठीच काढल्यासारखा होईल. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे आणि त्यांची जमीन बघता मला त्यांनाही काही म्हणवत नाही.

माणसं चौकस आहेत. तुम्ही कुठले, जात कोणती, मूलबाळ किती, भाडं किती देता, सगळं पहिल्या भेटीत. राग मानू नका. त्याच माहितीच्या जोरावर पुढे तुमच्यासाठी मोलकरीण, सुतार आणि नारळ पाडणारा शोधला जातो. गणपतीत मुंबईचे चाकरमानी उतरले की गाव ओळखू येत नाही, रिक्षा मिळत नाही आणि काकींच्या घरातली माणसं आमच्या पडवीत झोपतात. दिवाळीनंतर आसपासच्या गावांत जत्रा सुरू होतात. रात्री उशिरा दशावताराचं नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. त्यातला संकासुर राक्षस आला की पोरं किंचाळतात. जाताना शाल न्या, डिसेंबरात दव पडतं.

जमीन घेऊन घर बांधायचं मनात असेल तर आधी भाड्यानं एक पावसाळा काढा. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं, हे महाराष्ट्रात सगळीकडेच आहे. इथे वर सातबाराही सामायिक असतो. आम्हाला आवडलेल्या एका तुकड्यावर सतरा नावं होती. त्यातले निम्मे मुंबईत, एक दुबईला, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. बिगरशेती झालेला, एकाच मालकाचा प्लॉट महाग वाटतो. महागच घ्या, आणि स्थानिक वकिलाकडून कागद तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.

घर बघायला यायचं तर जुलैमध्ये या, मे महिन्यात नको. कपाट हलवून बघा, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं ते शेजारच्या बाईला विचारा, मालकाला नव्हे. आणि मंगळवारी गाडी घेऊन येऊ नका, लावायला जागा मिळणार नाही.