रबर फ्लोअरिंग कशावर टाकायचं? कोबा, टाइल, शहाबादी, गच्ची, वुडन या सगळ्यांची तुलना

घरात जिमची खोली करायची असो, सोसायटीचा हॉल असो की गावातली व्यायामशाळा, रबर टाकायचं ठरलं की सगळे आधी रबरचीच चौकशी करतात, किती एमएम, रोल घ्यायचा की टाइल, साधं काळं की रंगीत ठिपक्यांचं. माझ्या मते तो प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न खाली काय आहे हा. जुन्या टायरचा चुरा दाबून केलेलं हे रबर सहजासहजी खराब होत नाही, पण कडा उचलल्या, कुबट वास यायला लागला, मधेच फुगा आला, खालची टाइल तडकली अशा ज्या तक्रारी येतात त्या बहुतेक खालच्या जमिनीच्या असतात.

आणि त्यातही कोबा आहे की टाइल यापेक्षा मोठा फरक तळमजला की वरचा मजला हा आहे. वरच्या मजल्यावर जमिनीतली ओल येण्याचा विषयच नाही (शेजारच्या बाथरूमची गळती असेल तर गोष्ट वेगळी), तिथे वजन आणि आवाज बघायचा. तळमजल्यावर मात्र मातीतली ओल वर येत राहते, उघड्या फरशीवरून ती उडून जाते म्हणून आपल्याला कळत नाही, पण वर हवा फारशी न जाऊ देणारं रबर आलं की ती तिथेच अडकते. सिमेंटमधला अल्कली त्या ओलीबरोबर वर येतो आणि गोंदाला खातो, मग चिकटवलेलं रबर सुटायला लागतं, आणि नुसतं अंथरलेलं असेल तर खाली बुरशी धरते. यूट्यूबवर अमेरिकेतल्या गॅरेज जिमचे व्हिडिओ बघून लोक तसंच करायला जातात, घोड्यांच्या तबेल्यातले जाड मॅट सरळ काँक्रीटवर टाकतात ते बघून, पण तिकडे बऱ्याच ठिकाणी स्लॅब ओतायच्या आधी खाली प्लॅस्टिकचा कागद असतो, आपल्याकडच्या जुन्या घरांत कोब्याखाली तसलं काही नसतं.

तर तळमजला असेल तर आधी ही टेस्ट करा, खर्च काहीच नाही. साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, जमिनीवर चारही बाजूंनी टेप लावून पक्कं चिकटवा, कमीत कमी १६ तास ठेवा, मी तर म्हणेन दोन दिवस ठेवा. काढल्यावर प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील किंवा जमीन तेवढीच काळपट दिसत असेल तर ओल खालून येतेय. प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला पाणी असेल तर तो हवेतला दमटपणा आहे, पावसाळ्यात फरशीला घाम येतो ना तोच, आणि त्याला उपाय वेगळा, खिडक्या, एक्झॉस्ट फॅन. एक महत्त्वाचं, ही टेस्ट फक्त त्या दिवसाचं सांगते. कोकणात किंवा मुंबईत एप्रिलमध्ये कोरडी निघालेली जमीन जुलैत तशीच असेल याची खात्री नाही, म्हणून घाई नसेल तर पावसाळ्यात टेस्ट करा आणि काम उन्हाळ्यात करा.

आता कोबा विरुद्ध टाइल, कारण नव्वद टक्के लोकांचा निर्णय याच दोघांत अडकतो.

जुना, कोरडा, तडे नसलेला कोबा म्हणजे रबरसाठी सगळ्यात चांगली जमीन, यात मला शंका नाही. एकसंध असतो, सांधे नाहीत, जड वजन आपटलं तरी फुटून तुकडा निघत नाही, आणि पीयू (पॉलियुरेथेन) गोंद त्याला घट्ट धरतो. मोठ्या शेडमध्ये ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने जास्तीचं पाणी ओढून घोटलेलं काँक्रीट) केलेलं असेल तर अजून उत्तम, फक्त त्याचा वरचा थर इतका गुळगुळीत आणि घट्ट असतो की गोंद लावायच्या आधी हलकं ग्राइंडिंग करून घ्यावं लागतं, नंतर व्हॅक्यूमने धूळ काढायची, झाडूने नाही, झाडूने बारीक पावडर मागे राहते आणि गोंद त्या पावडरला चिकटतो. कोब्यावर जुना ऑइल पेंट किंवा इपॉक्सी असेल आणि तो कुठे कुठे सुटत असेल तर तो खरवडून काढायचा, कारण गोंद पेंटला धरतो आणि पेंट कोब्याला धरत नाही अशी अवस्था होते.

नवीन कोबा मात्र सावधपणे घ्या. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो २८ दिवस झाले, टाका. ते २८ दिवस ताकदीचे असतात, वाळण्याचे नाहीत. वाळायला साधारण एका इंचाला एक महिना असा हिशोब धरतात, म्हणजे चार इंची काँक्रीटला चार महिने, आणि तेही हवा चांगली असेल तर, भर पावसात त्याहून जास्त. जिमचं ओपनिंग दसऱ्याला ठेवायचं आणि कोबा ऑगस्टमध्ये ओतायचा असं करणाऱ्यांनी मग चिकटवायच्या भानगडीत पडू नये, पझलसारख्या इंटरलॉक टाइल नुसत्या मांडाव्यात, पुढच्या वर्षी उचलून चिकटवता येतील.

लेव्हल पण बघा. दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी ठेवायची, खाली कुठेही ५ एमएमपेक्षा जास्त फट दिसली तर ती जागा भरून घ्यायची. रबर मऊ आहे म्हणून खड्डे झाकेल असं वाटतं, झाकतं पण, दिसत नाहीत, पण त्याच्यावर ट्रेडमिल ठेवली की ती डुलते.

व्हिट्रिफाइड टाइलचं गणित बरोबर उलटं आहे. ओल ती जवळजवळ शोषतच नाही, अर्धा टक्क्याच्या आतच तिचं पाणी पिणं असतं, लेव्हल सहसा चांगली असते, साफ करायला सोपी. पण त्याच गुळगुळीतपणामुळे गोंद नीट धरत नाही आणि धरला तर पुढे काढताना टाइलची वाट लागते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तर चिकटवायचा विचारच सोडा. टाइलवर नुसतं अंथरायचं, ८ एमएम किंवा त्याहून जाड, कारण ३-४ एमएमची पातळ शीट घेतली तर काही महिन्यांत सांध्यांच्या रेघा वर उमटतात आणि कडा वळतात. जाड रबर स्वतःच्या वजनाने जागेवर बसतं, भिंतीपाशी नीट कापलेलं असेल तर सरकत नाही, आणि दारापाशी वाटलंच तर खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप.

टाइलचा खरा धोका पोकळपणा. आपल्याकडे टाइल बेडिंगच्या मसाल्यावर सिमेंटचं पाणी ओतून बसवायची पद्धत आहे, त्यात खाली कुठे कुठे जागा रिकामी राहते. नाणं किंवा लाकडी दांडा घेऊन एकेक टाइल वाजवून बघा, ठक्क आवाज आला तर भरीव, डब डब आला तर पोकळ. योगा, स्ट्रेचिंग, हलके डंबेल यांना पोकळ टाइल चालून जाते. डेडलिफ्ट (जमिनीवरून जड बार उचलायचा व्यायाम) करणार असाल, दहा-दहा किलोचे डंबेल हातातून सुटणार असतील, तर ८ एमएमच्या रबरखाली ती टाइल वाचणार नाही. त्या जागेपुरता प्लॅटफॉर्म करा, ८ बाय ४ च्या दोन १८ एमएम प्लाय शेजारी शेजारी, वर अजून दोन आडव्या, म्हणजे आठ बाय आठचा चौकोन होतो, मधली पट्टी उभं राहायला लाकडाची आणि दोन्ही बाजूंना प्लेटा पडतात तिथे १५-२० एमएमचं रबर. टाइल, मार्बल, ग्रॅनाइट काहीही खाली असलं तरी हा उपाय चालतो, कारण वजन एका बिंदूवर न पडता पसरतं.

म्हणजे स्वतःची जागा, तळमजला, कोरडा कोबा, जड व्यायाम असेल तर चिकटवा, आणि फ्लॅट, टाइल, हलका ते मध्यम व्यायाम असेल तर अंथरा. या दोन्हीत चूक होण्याची शक्यता फार कमी आहे.

शहाबादी, कोटा, मोझॅक या मधल्या जमिनी. शहाबादी फरशी पश्चिम महाराष्ट्र, मराठवाड्यात जुन्या घरांत, दुकानांत, शाळांत सगळीकडे आहे, दगड मजबूत, प्रश्न सांध्यांचा. रुंद सांधे, त्यातलं सिमेंट झिजलेलं, आणि तळमजल्यावर ओल बरोबर त्या सांध्यांतून वर येते, तिथे पांढरा खार दिसत असेल तर टेस्ट करायचीसुद्धा गरज नाही, ओल आहेच. शिवाय खरबरीत शहाबादी असेल तर दोन फरशांत उंचसखलपणा असतो. सांधे परत भरून घ्या, उंच कडा घासून घ्या, आणि रबर टाइल अशा ठेवा की महिन्यातून एकदा उचलून जमिनीला हवा देता येईल. पॉलिश कोटा जास्त सपाट असतो, त्याला टाइलचाच नियम लावा. मोझॅक सिमेंटचीच असल्यामुळे ओल पिते, पण मुंबई-पुण्याच्या जुन्या सोसायट्यांत ती दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असते तिथे काही अडचण नाही, छान सपाट जमीन मिळते.

आणि कोकणात, गोव्यात जुन्या घरांतला लाल कोबा. त्याच्यावर गोंद कधीच लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. वर्षानुवर्षं घासून पुसून आलेली ती चकाकी गोंद काढताना जाते आणि तसं काम करणारे गवंडी आता शोधावे लागतात. खोली दुसरी बघा, नाहीच तर तेवढ्यापुरता मॅट अंथरा आणि व्यायाम झाला की गुंडाळून ठेवा.

गच्ची. मोकळी हवा, मोठी जागा, म्हणून मोह होतो, पण तिथे रबर टाकणं म्हणजे वॉटरप्रूफिंगच्या अंगावर काम करणं. ब्रिकबॅट कोब्याला (विटांच्या तुकड्यांवर केलेला गच्चीचा कोबा) पाणी जायला उतार दिलेला असतो, तुम्ही सपाट रबर चिकटवलं की पाणी खाली अडकतं, आणि वॉटरप्रूफिंगच्या कोटवर गोंद लावला तर रबर काढताना कोटही निघून येतो, मग खालच्या घराच्या छताला ओल. गच्चीवर फक्त खालून खाचा किंवा पाय असलेल्या टाइल, न चिकटवता, पाइपच्या जाळीभोवती मोकळी जागा सोडून, आणि पावसाळ्याआधी उचलून खालचा गाळ साफ करायची तयारी असेल तरच. मे महिन्यात दुपारी काळ्या रबरवर अनवाणी पाय ठेवता येत नाही हेही लक्षात घ्या, लहान मुलांसाठी असेल तर फिकट रंगाचं ईपीडीएम (रंगीत मिळणारं कृत्रिम रबर) घ्या आणि वर शेड करा. सोसायटीच्या पोडियमवर (पार्किंगच्या डोक्यावरची मोकळी जागा) पेव्हर ब्लॉक असतात, पाणी सांध्यांतून जातं ही चांगली गोष्ट, पण ब्लॉक खचतात, घसरगुंडी-झोक्याखाली कायमचं करायचं असेल तर ब्लॉक काढून खाली पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट) करणंच बरं.

ज्यावर टाकूच नये अशा तीन जमिनी. पहिली व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसीची शीट किंवा पट्ट्या. रबरमधली रसायनं हळूहळू व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळे-तपकिरी डाग पडतात, ते कशानेही जात नाहीत, कारण डाग वर नसतो, आत गेलेला असतो. दुसरी मास्टर बेडरूममध्ये बिल्डर देतो ते लॅमिनेटचं वुडन फ्लोअरिंग, ते खाली फोमवर तरंगतं ठेवलेलं असतं, वर रबर आणि रॅक आला की दबून सांधे उघडतात. तिसरी कार्पेट, मऊवर मऊ, पाय स्थिर राहत नाही. तिन्ही ठिकाणी एकतर ते काढा नाहीतर दुसरी खोली निवडा. पोटमाळ्याचं प्लाय चालतं, पण वॉटरप्रूफ प्लाय असावं, खालचा सांगाडा हलत नसावा, आणि तळमजल्याच्या जमिनीवर प्लाय टाकणार असाल तर मधे प्लॅस्टिकचा कागद हवाच, नाहीतर ओल आणि मागोमाग वाळवी.

गावाकडे व्यायामशाळेची मातीची जमीन असते, त्यावर सरळ रबर टाकलं तर काही महिन्यांत लाटा होतात. मुरूम, दगडाचं सोलिंग, प्लॅस्टिक, चार इंच पीसीसी, वर कोबा, हा खर्च टाळता येत नाही. तालमीतला लाल मातीचा हौद मात्र आहे तसाच राहू द्या, वजनाचं सामान बाजूच्या खोलीत न्या आणि रबर तिथे टाका.

वरच्या मजल्यावाल्यांसाठी दोन आकडे. आयएस ८७५ या इमारतीवरच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे घरातल्या खोलीचा स्लॅब प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन म्हणजे साधारण २०० किलो वापराच्या भारासाठी धरतात, आणि २० एमएमचं रबरच चौरस मीटरला १८-२० किलो भरतं, म्हणजे १० बाय १२ च्या खोलीत नुसतं रबर दोनशे किलोच्या आसपास. ते चालतं, पण त्यावर रॅक, प्लेटा, मल्टिजिम एकाच कोपऱ्यात रचायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. आवाजाचंही तसंच, रबर खणखणाट कमी करतं, पण वजन आपटल्याचा हादरा स्लॅबमधून खालच्या काकांच्या घरी जातोच, अजून ५ एमएम वाढवून तो थांबत नाही.

रो हाऊसवाल्यांना तीन पर्याय असतात, खालचं पार्किंग, पहिल्या मजल्याची बेडरूम आणि गच्ची. जड व्यायाम असेल तर पार्किंगचा कोबा, टेस्टमध्ये कोरडा निघाला तर, आणि उतार असेल तर तो भरून. नाहीतर बेडरूमची टाइल. गच्ची शेवटी.

ऑर्डर द्यायच्या आधी दाराखालची फट मोजा, १५ एमएमचं रबर आलं की आत उघडणारं दार अडकतं आणि सुताराला बोलवावं लागतं. रबर आलं की लगेच कापू नका, त्याच खोलीत उलगडून पूर्ण एक दिवस पडू द्या, गुंडाळीचा ताण आणि टेंपोतली उष्णता दोन्ही उतरू दे, मग भिंतीपासून ५ एमएम जागा सोडून कापा.