लोड सेल + एचएक्स७११: सहा महिने पेंटबॉल फोडून आलेला अनुभव

मेव्हण्याचं पेंटबॉलचं ग्राउंड आहे, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या बंदुकीने एकमेकांवर मारायचा खेळ. पावसाळ्यात गोळ्या अंगावर फुटतच नाहीत, नुसत्या टणकन लागून उडतात अशी पोरांची तक्रार, म्हणून म्हटलं फोडायला किती जोर लागतो ते मोजूच. पुण्याच्या तापकीर गल्लीतून २० किलोचा लोड सेल (वजनकाट्यात असतो तो जोर मोजणारा सेन्सर) आणि त्याचं रीडिंग आकड्यात देणारा एचएक्स७११ बोर्ड आणला, ते वाचायला आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) घरात पडलेलाच होता.

हळूहळू दाबून फोडायला सेट एक नंबर. स्क्रूने दाबत जायचं, सगळ्यात मोठं रीडिंग धरून ठेवायचं, बास. उघड्या पाकिटातली गोळी फुटायच्या आधी पार चपटी होते, डब्यात सिलिका जेलसोबत (ओल शोषणाऱ्या पुड्या) ठेवलेली पटकन तडकते, जिलेटिनचं कवच ओल शोषून मऊ पडतं ना. जोडाची रेघ कुठल्या बाजूला आली त्यावर पण फरक पडतो, त्यामुळे एका गोळीवरून काही ठरवू नका. (आईने आधी ओटा दिला होता, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात हे कळल्यावर थेट बाल्कनीत.)

पण बंदुकीतून सुटलेल्या गोळीची धडक मोजायची असेल तर विसरा. ३ ग्रॅमची, १७ मिमीची गोळी ३०० फूट प्रति सेकंद म्हणजे ९१ मीटरने येते, तिची पूर्ण जाडी भिंतीला भिडेपर्यंत ०.२ मिलिसेकंद पण लागत नाही, आणि हा बोर्ड सेकंदाला १० रीडिंग देतो, पिन बदलून फार तर ८०! मला कधी शून्य दिसायचं कधी काहीपण, दोन आठवडे मी वायरिंगला शिव्या घालत होतो. पिझो चकती (दाबली की व्होल्टेज देणारी) लावली तर आर्डुइनोचा अॅनालॉगरीडच, म्हणजे व्होल्टेज एकदा वाचणंच, १०० मायक्रोसेकंद (०.१ मिलिसेकंद) खातो, म्हणजे अख्ख्या धडकेत दोनच ठिपके. शेवटी मित्राचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा वेगवान आलेख दाखवणारं यंत्र) मागून आणला तेव्हा कुठे शिखर दिसलं.

तेही गोळी किती जोरात थांबली त्याचं शिखर, फुटली कधी त्याचं नाही. गोळी थांबतानाच्या जोराची सरासरी काढली तर १४०० न्यूटन येतात, पण कवच त्याच्या कितीतरी आधी गेलेलं असतं आणि उरलेला सगळा नुसत्या रंगाचा मार.

आता मी पीव्हीसी पाइपमधून ५० ग्रॅमचं वजन गोळीवर सोडतो, उंची दर वेळी दोन सेमी वाढवत, फुटली की उंचीवरून ऊर्जा काढायची. सेन्सर नाही, कोड नाही, आणि ओली-सुकी गोळी यात जास्त स्वच्छ वेगळी पडते.

लोड सेलचा झीरो मात्र सरकलाय (काही वजन नसतानाही शून्य दाखवत नाही), धडक मोजायच्या नादात एकदा मार्कर (पेंटबॉलची बंदूक) थेट त्याच्यावरच चालवला होता. चूक माझीच.